कागदावर साधी ओळ, माईकवर हशा : कवितेला आवाज मिळाला की नेमकं काय होतं?

डिचोली : कविसंमेलनात हमखास दिसणारी गोष्ट. एखादी कविता दिवाळी अंकात छापून आलेली असते. सभागृहातल्या बऱ्याच जणांनी ती वाचलेलीही असते आणि वाचताना कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हललेली नसते. तीच कविता कवी माईकसमोर उभा राहून म्हणतो आणि तिसऱ्या ओळीला खुर्च्या करकरायला लागतात. मागच्या रांगेतून ‘वन्स मोअर’ येतो. शब्द तेच, कवी तोच. मग मधल्या काळात वाढलं काय?

‘सादरीकरण छान होतं’ असं म्हणून आपण हा प्रश्न मिटवून टाकतो. पण सादरीकरण म्हणजे हातवारे नव्हेत आणि गळा गोड असणंही नव्हे. हात बांधून, एका जागी खिळून उभे राहणारे कवीही सभागृह हसवून जातात, आणि नाट्यस्पर्धेत बक्षिसं मिळवलेला माणूस स्वतःच्या चांगल्या कवितेची माती करतो. यामागे काही ठरावीक गोष्टी काम करत असतात. त्या समजून घ्यायला डिचोली, साखळी, पेडणे हा पट्टा बरा. इथल्या माणसाचा कान कविसंमेलनं सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून कीर्तनात, दशावतारात आणि भजनात तयार झालेला आहे.

कागदाला सूर दाखवता येत नाही

एक अगदी साधं वाक्य घेऊ. ‘साहेब फार कामाचे आहेत.’ कागदावर ही स्तुती आहे. आता ‘फार’मधला ‘फा’ जरा लांबवून म्हणा. साहेबांची बदली झाली तर बरं, असा अर्थ निघतो. ‘साहेब’वर जोर दिला तर बाकीचे कामाचे नाहीत असं होतं. ‘कामाचे’ म्हणताना आवाज खाली आणला, तर कुणाच्या कामाचे, हा प्रश्न ऐकणारा स्वतःच विचारतो आणि स्वतःच हसतो. एकच वाक्य, तीन अर्थ. छापखान्याकडे यासाठी उद्गारचिन्हाशिवाय फारसं काही नाही, आणि उद्गारचिन्ह घातलं की विनोद मेलाच म्हणून समजा.

मराठीत उपरोधाची काही हत्यारं फक्त बोलण्यातच धारदार असतात. ‘म्हणे’ हा त्यातला एक शब्द. ‘रस्ता होणार म्हणे’ हे वाक्य वाचलं तर बातमी आहे. ऐकलं तर त्या रस्त्याचा सगळा इतिहास त्या ‘म्हणे’त येतो. ‘बरं का’, ‘हो ना’, आपल्याकडचं ‘मरे’ हीही त्याच जातीची मंडळी. वाचताना डोळा त्यांच्यावरून घसरून पुढे जातो. कवीचा आवाज मात्र नेमका तिथंच टेकतो.

टोन म्हणजे दुसरं काही नाही. ओळ जे सांगते त्याबद्दल सांगणाऱ्याला काय वाटतं, ते ओळीच्या बाहेरून कळणं. आणि विनोद बहुतेक वेळा या दोहोंतल्या अंतरातून निघतो. ओळ गंभीर आणि आवाज मिश्कील, किंवा ओळ वेडीवाकडी आणि म्हणणारा न्यायाधीशासारखा गंभीर. दुसरा प्रकार जास्त चालतो. स्वतःच्या विनोदावर कवी आधी हसला, की श्रोत्याला हसण्यासारखं काही उरत नाही.

थांबण्याचं गणित

छंदशास्त्रात यतीला महत्त्व आहे. ओळीत जिथं श्वास घ्यायचा, ती जागा यती. ओवी, अभंग, अक्षरगणवृत्तं या सगळ्यांना ती ठरलेली असते. विनोद मात्र ठरलेल्या जागी थांबण्यात नसतो. तो ठरलेल्या जागेच्या किंचित पुढे किंवा मागे थांबण्यात असतो. ऐकणाऱ्याचा कान पुढचा शब्द धरून बसलेला असतो. तो शब्द क्षणभर उशिरा आला, किंवा आला तो भलताच, की हशा पिकतो.

हे शिकवायला कुणाला विद्यापीठात जायला नको. लग्नात नाव घेणाऱ्या नव्या नवरीकडे पाहा. उखाणा म्हणजे दोन ओळींची, यमक जुळवलेली कविताच. सगळ्यांना माहीत असतं की शेवटी नवऱ्याचं नाव येणार. तरीही ती नावाच्या अलीकडे थांबते, पदर सारखा करते, एखादी मावशी ‘घे गो, घे’ म्हणते आणि मगच नाव येतं. हशा नावाला नसतो, तो त्या थांबण्याला असतो. धालोच्या मांडावर आणि फुगडीच्या गाण्यांत बायका एकमेकींची, सासरच्या माणसांची जी थट्टा करतात, तिथंही हेच तंत्र. त्या बायकांना कुणी परफॉर्मर म्हटलेलं नाही, इतकंच.

गझलेच्या मैफलीत थांबण्याची दुसरी तऱ्हा दिसते. शेराची पहिली ओळ शायर दोनदा, कधी तीनदा म्हणतो. नवख्याला वाटतं, वेळ काढतोय. खरं तर तो पहिली ओळ श्रोत्याच्या डोक्यात पक्की बसवत असतो, म्हणजे दुसरी ओळ आली की तिचा घाव एका झटक्यात बसावा. शिवाय रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी येणारा तोच तो शब्द, श्रोत्याला पाठ झालेला असतो. तो कवीच्या आधीच पुटपुटायला लागतो. सुरेश भटांनी मराठी गझल महाराष्ट्रभर नेली, तेव्हा ऐकण्याची ही रीतही तिच्याबरोबर गावोगाव गेली. आज हास्यकवी सर्रास हेच करतात. पहिली ओळ दोनदा, दुसरी एकदा. तिसऱ्यांदा म्हणायची ती टाळ्या पडल्यावर, मागणी आली तर.

संकासुराची बोली

गोव्याच्या उत्तर टोकाला आणि पलीकडे दोडामार्ग, सावंतवाडीत आणखी एक गोष्ट घडते, जी पुण्या-नागपुरात घडत नाही. इथल्या श्रोत्याला दोन कान आहेत. शाळा, वर्तमानपत्र, आरती आणि नाटक यांची भाषा मराठी. घरातली, बाजारातली बोली कोंकणी किंवा मालवणीच्या अंगाने जाणारी पेडणेकरी. गोव्याचा राजभाषा कायदा 1987 चा. त्यात कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद राहिली. त्यावरचा वाद अजून थंड झालेला नाही आणि तो इथं काढायचंही कारण नाही. कवितेपुरतं बोलायचं तर हे दोन कान म्हणजे कवीच्या हातातलं भांडवल आहे.

दशावतार पाहिलेल्याला हे सांगायला नको. देव आणि राजे बोलतात ग्रांथिक, संस्कृत शब्दांनी ठासलेल्या मराठीत. मग काळा वेष घातलेला संकासुर येतो आणि मालवणीत सुरू होतो. भाषा बदलताच मांडवातली माणसं सावरून बसतात. संवाद लिहून दिलेले नसतात. नट समोरचा मांडव बघून बोलतो, गावातल्या चार गोष्टी त्यात घालतो. हशा विनोदाला असतो तितकाच भाषेची पायरी उतरण्यालाही असतो.

मराठी कविता म्हणताना डिचोलीचा कवी जेव्हा एखादा घरगुती शब्द मध्येच सोडतो, तेव्हा तो हाच संकासुर आत घेत असतो. समजा, सरकारी कचेरीवर कविता आहे. भाषा एकदम अर्जाची : महोदय, सविनय, उपरोक्त विषयास अनुसरून. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी खिडकीपलीकडचा माणूस एकच शब्द बोलतो, ‘फाल्यां’. फाल्यां म्हणजे उद्या. पहिल्या कडव्याला कवी तो सरळ म्हणतो, लोक नुसते स्मित करतात. दुसऱ्याला जरा ओढून म्हणतो, फाइल बंद केल्यासारखा. तिसऱ्याला कवी थांबतो आणि शब्द सभागृहच म्हणतं. चौथ्या कडव्यात अर्जदाराचा मुलगा वडिलांना विचारतो, बाबा, तुम्ही घरी कधी येणार. आणि बाप म्हणतो, फाल्यां. तिथं हसावं की नको, हे लोकांना चटकन कळत नाही. ते न कळणं हाच त्या कवितेचा टोन.

हीच कविता दोडामार्गला किंवा सावंतवाडीला नेली तर काही अडत नाही. कोल्हापूरला नेली तर आधी ‘फाल्यां म्हणजे उद्या’ असं सांगावं लागतं. सांगितलं की अर्थ पोहोचतो, पण हशा अर्धा होतो. विनोद समजावून सांगणं म्हणजे उघड्या बाटलीतला सोडा. सीमाभागातल्या कवींचं हे जुनं दुखणं आहे. घरच्या मांडवात गाजलेली कविता राज्याच्या संमेलनात बुजते. मग काही जण तो शब्द काढून ‘उद्या या’ घालतात. कविता सगळ्यांना कळते आणि कुणाचीच राहत नाही.

गाण्यापासून बोलण्यापर्यंत

मराठीत कविता मोठ्याने म्हणायची आजची रीत एकदम आलेली नाही. 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. त्यातले यशवंत आणि गिरीश हे कवी गावोगाव आपल्या कविता गाऊन म्हणत. काव्यगायन हा कार्यक्रमच होऊन बसला. त्या गोडव्याला उत्तर आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने दिलं. ‘झेंडूची फुले’मधली विडंबनं मोठ्याने म्हटली की ती का चालली हे कळतं. चाल तीच गंभीर कवितेची, डौल तोच, आणि आत भलताच माल. कानाला ओळखीची चाल मिळाली नाही तर विडंबनातली अर्धी मजा जाते.

पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी एकत्र फिरून महाराष्ट्रभर कविता ऐकवल्या. यातले दोघे शेजारच्या सिंधुदुर्गातले. विंदा देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, पाडगावकर वेंगुर्ल्याचे. या तिघांनी कविता गाण्यातून बोलण्याकडे आणली. बापट राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात मुरलेले, त्यामुळे समूह कसा हातात घ्यायचा ते त्यांना ठाऊक. विंदांची ‘तेच ते’ ही कविता कागदावर पाहिली तर पुनरुक्तीचा कंटाळा येईल अशीच आहे. म्हटली की तो कंटाळाच विनोद होतो, आणि थोड्या वेळाने आपलंच रोजचं जिणं समोर उभं राहिल्यासारखं वाटून अंगावर येतो.

पाडगावकरांच्या ‘सलाम’ची गोष्ट याहून वेगळी. या नावाच्या संग्रहाला 1980 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भीतीपोटी ज्याला त्याला सलाम ठोकणारा माणूस त्या कवितेत बोलतो. ऐकणारे सुरुवातीला खदखदून हसतात, कारण तो माणूस दुसराच कुणीतरी आहे असं वाटत असतं. यादी वाढत जाते, आवाज चढत नाही, आणि कुठल्यातरी सलामाला हसू घशात अडकतं. लोकांना हसवायचं आणि मग ते हसू परत मागून घ्यायचं. हे मोठ्याने म्हटल्याशिवाय होत नाही, कारण वाचणारा एकटा असतो. एकटा माणूस सहसा मोठ्याने हसत नाही, त्यामुळे हसल्याची लाजही त्याला वाटत नाही.

गोव्याच्या बाजूने पाहिलं तर बाकीबाब बोरकर. कुडचड्यात 1910 मध्ये जन्मलेले, मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहिणारे. बाकीबाब आपल्या कविता गाऊन म्हणत. विनोद हे त्यांचं क्षेत्र नव्हे, पण टोन म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं. त्यांच्या कविता पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मंचावरून म्हणून दाखवल्या, आणि ज्यांनी बाकीबाबांना कधी पाहिलं नाही त्यांनाही त्या लयीसकट माहीत झाल्या. कवी स्वतः म्हणतो तेव्हाच कविता खरी, असं मानणाऱ्यांनी या जोडप्याचं उदाहरण लक्षात ठेवावं. सुनीताबाई कवयित्री नव्हत्या. त्यांना कविता पाठ असत आणि कुठे बाजूला व्हायचं ते कळत असे.

अलीकडच्या काळात रामदास फुटाणे, अशोक नायगावकर यांनी हास्यकवितेला स्वतंत्र गर्दी मिळवून दिली. नायगावकर कवितेइतकंच कवितांच्या मधल्या जागेत बोलतात, आणि लोक त्यालाही तिकीट काढून येतात. इथून पुढे गोष्ट जरा अवघड होते.

हशाचा जमाखर्च

कवितेआधीचं बोलणं, म्हणजे ‘ही कविता कशी सुचली’ ते सांगणं, हा पूर्वी एका वाक्याचा विषय होता. आता पुष्कळ ठिकाणी प्रस्तावना कवितेहून लांब असते. हशा प्रस्तावनेत वसूल होतो आणि कविता नुसती हजेरी लावून जाते. हिशोबाच्या भाषेत बोलायचं तर उत्पन्न एका खात्यात आणि नाव दुसऱ्याच्या. श्रोत्यांची यात चूक नाही. त्यांना चार-पाच तास बसायचं असतं.

दुसरी अडचण विषयांची. हशा हमखास देणारा विषय कवीला लवकर सापडतो आणि मग तो सुटत नाही. बायको हा त्यातला सगळ्यात जुना. ती भांडते, खर्च करते, माहेरी जात नाही. सभागृहातल्या बायकाही हसतात, कारण न हसल्या तर आणखी एक विनोद होईल. त्यानंतर नाव पुकारलं जाणाऱ्या कवयित्रीची पंचाईत विचारात घ्या. सभागृहाची नळी एका बाजूला फिरलेली असते आणि तिच्या हातात आजीवरची, जात्यावरची, कधी घरातल्या मारहाणीवरची कविता असते. पहिल्या ओळीला कुणीतरी सवयीने हसतं. ते हसू थांबवायचं काम तिचं नसतं, पण तिलाच करावं लागतं. अनुभवी कवयित्री अशा वेळी लगेच सुरू होत नाहीत. माईक खाली-वर करतात, पाण्याचा घोट घेतात, एखादी छोटी दुसरीच कविता मध्ये घालतात. सूत्रसंचालक जाणता असेल तर तो नावं पुकारण्याचा क्रमच बदलतो. कविसंमेलन चांगलं झालं की श्रेय कवींना जातं, पण बऱ्याचदा ते या क्रम लावणाऱ्याचं असतं.

नको त्या जागी येणारा हशा दर वेळी वाईटच असतो असंही नाही. डिचोली तालुक्यात खाणींवरची कविता म्हटली की हे दिसतं. 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजची नूतनीकरणं रद्द केली आणि परत थांबल्या. समजा, अंगणात उभ्या राहिलेल्या ट्रकवर दोडक्याचा वेल चढलाय आणि घरधनी म्हणतो, यंदा ट्रकाचं पीक बरं आलं. साखळीत, डिचोलीत, पाळीत यावर माणसं जोरात हसतात. हसणाऱ्यांत हप्ते थकलेले असतात. बाहेरून आलेल्या पाहुण्या कवीला वाटतं, यांना विषयाचं गांभीर्य नाही. खरं तर गांभीर्य त्यांना पाहुण्यापेक्षा जास्त आहे, म्हणून ते हसू शकतात. अशा हशानंतर जी शांतता येते ती लांब असते. पुढची ओळ त्या शांततेत घाईने टाकणारा कवी अजून कच्चा.

आवाज नसला की काय होतं, याचं एक कडू उदाहरण गोव्याने पाहिलं आहे. विष्णू सूर्या वाघ हे कवी, नाटककार आणि राजकारणी. मराठी-कोंकणी दोन्हींत हुकमत आणि सभा जिंकणारा आवाज. त्यांच्या ‘सुदिरसूक्त’ या कोंकणी संग्रहावरून 2017 मध्ये वाद पेटला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. बहुजनांचा संताप मांडणाऱ्या त्या कविता अनेकांनी वाचल्या त्या सुट्या सुट्या, मोबाइलवर फिरलेल्या ओळींतून. कविता आवडाव्यात की नाही हा वेगळा भाग. पण त्या ज्याच्या तोंडून ऐकायच्या तो कवी तेव्हा आजारपणामुळे बोलण्याच्या अवस्थेतच नव्हता. 2019 मध्ये वाघ गेले. संताप कुठे, उपरोध कुठे, आणि स्वतःलाच मारलेला टोमणा कुठे, हे ते म्हणून दाखवू शकले असते.

आज उलटही घडतं. आवाज आहे, पण अर्ध्या मिनिटाचा. प्रेक्षकातला कुणीतरी हशाच्या जागेपासून व्हिडिओ सुरू करतो आणि हशा संपला की बंद करतो. चौथ्या कडव्यातला ‘फाल्यां’ त्यात नसतोच.

मांडव बदलला की

सीमाभागात फिरणाऱ्या कवींना एक गोष्ट लवकर कळते. एकच ओळ मांडवागणिक वेगळी ऐकू येते. बेळगाव परिसरात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावांत ग्रामीण मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि कविसंमेलनाला माणसं जमिनीवर दाटीवाटीने बसतात. तिथं मराठी शाळेवरच्या, मराठी पाटीवरच्या विनोदाला हशा येतो, पण त्याच्या पाठोपाठ घोषणाही येऊ शकते. डिचोलीत त्याच ओळीला लोक नुसते हसतील. मुंबईत कदाचित हसणारही नाहीत, कारण तिथं पाटी हा रोजच्या जगण्याचा प्रश्न असला तरी त्याची धग निराळी. शेकोटीभोवती, उघड्यावर, वीस-पंचवीस माणसांत म्हटलेली कविता अजून वेगळी. तिथं माईक नसतो, त्यामुळे कुजबुजीएवढ्या आवाजातला टोमणाही शेवटच्या माणसापर्यंत जातो. सभागृहात तोच टोमणा पंख्याच्या घरघरीत जातो.

माईकचंही तसंच. तोंडाजवळ धरला तर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात, लांब धरला तर ओळीचा शेवट गळतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘केलं’ आणि ‘केलं नाही’ यातला फरक ओळीच्या टोकाला असतो, आणि नेमकं तिथंच नवख्या कवीचा श्वास संपतो. अर्थ उलटतो, विनोदही. जुने कीर्तनकार ओळीचं शेपूट उचलून धरतात ते यासाठीच.

आणि घड्याळ. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम आता गोव्यात सगळ्यांना पाठ आहे. कविसंमेलन बहुतेक ठिकाणी शेवटच्या सत्रात असतं, आधीची भाषणं लांबलेली असतात. साडेनऊच्या सुमारास सूत्रसंचालक उरलेल्या नावांची यादी बघतो आणि जाहीर करतो, आता प्रत्येकी एकच कविता. मग मंचाच्या कडेला बसलेले कवी वही उघडतात. एका पानावर हशाची खात्री असलेली कविता असते, दुसऱ्यावर खात्री नसलेली. पुकारलेला कवी माईकपर्यंत चालत जाईपर्यंत दोन्ही पानांत बोट घालून ठेवतो.